आठ महिने डंजन्स अँड ड्रॅगन्स: स्टार्टर सेटवरून नियम शिकताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर साहसकथा खेळायचा खेळ. त्याचा 2014 सालचा स्टार्टर सेट घरात येऊन आठ महिने झाले. दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की आम्ही पाच जण बसतो. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. खेळायला बायको, भाचा, भाची आणि एक मित्र. आधी कोणीच हा खेळ खेळलेलं नव्हतं. म्हणून फक्त नियम कसे शिकलो तेवढंच लिहितो.

डब्यात 32 पानांचं नियमपुस्तक, 64 पानांची साहसकथा, पाच तयार पात्रं आणि सहा फासे निघाले. सुरुवातीचे दोन आठवडे मी नियमपुस्तक पाठ करण्यात घालवले, ते वाया गेले. पहिल्या लढाईत काही आठवेना. मुळात नियम एकच आहे: जे जमेल की नाही याची खात्री नाही, त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राचा गुणांक (त्या कामात पात्र किती तरबेज, तो आकडा) मिळवा, ठरलेला आकडा गाठला की जमलं. भिंत चढणं, थाप मारणं, तलवार चालवणं, सगळं यातच बसतं. एवढं सांगून खेळायला बसा, बाकीचे नियम गरज पडेल तेव्हा पुस्तक उघडून बघा.

भाच्याने दुसऱ्याच बैठकीत विचारलं, "मामा, मी त्याच्या डोळ्यांत माती फेकू का?" पुस्तकात माती फेकण्याचा नियम नाही. पण 'ॲडव्हांटेज' आहे: परिस्थिती आपल्या बाजूने असेल तर फासा दोनदा टाकायचा, मोठा आकडा धरायचा. उलट असेल तर लहान. मी त्याच्या पुढच्या वाराला ॲडव्हांटेज दिला. माझ्या मते या आवृत्तीतला हा सगळ्यात सुंदर नियम आहे, कारण बेरीज-वजाबाकीचा तक्ता न बघता निकाल देता येतो.

सगळ्यात जास्त अडलो ते जादूपाशी. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे तयार मंत्र चार-पाच असतात, पण 'स्पेल स्लॉट', म्हणजे मंत्र टाकण्याच्या संधी, दोनच. एक मंत्र टाकला की तो दिवसभरासाठी संपला, असं आम्ही महिनाभर धरून चाललो. बायकोने ते सोडवलं: "ताटात भाज्या चार, पोळ्या दोन. कुठल्याही भाजीशी खा, दोन्ही पोळ्या एकाच भाजीशी खा, पण पोळ्या संपल्या की जेवण संपलं." कँट्रिप या छोट्या मंत्रांना पोळी लागतच नाही. त्यानंतर कोणी गोंधळलं नाही. तिच्या 'स्लीप' मंत्राला आठ बाजूंचे पाच फासे लागतात आणि डब्यात तसा एकच आहे, म्हणून तोच पाच वेळा टाकायचा. बेरीज सरासरी बाविसाच्या आसपास येते, आणि तेवढ्या जीवनगुणांचे (म्हणजे मार सोसायच्या ताकदीचे) शत्रू झोपतात. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचे जीवनगुण सात, म्हणजे साधारण तिघे झोपतात. चार गॉब्लिनांच्या पहिल्या लढाईत याच मंत्राने आम्हाला वाचवलं.

'कॉन्सन्ट्रेशन'चा नियम मात्र मी दोन महिने चुकीचा चालवला. आमची क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारी पुजारीण, 'ब्लेस' आणि 'शील्ड ऑफ फेथ' हे मंत्र एकाच वेळी चालू ठेवायची. दोन्हींना एकाग्रता लागते, म्हणून एका वेळी एकच चालतो. आणि मार बसला तर 10 किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठावा लागतो, नाहीतर मंत्र तुटतो. नियम नीट लावल्यापासून सगळे क्लेरिकच्या पुढे उभे राहून तिला जपायला लागले. लढाईला खरा रंग तेव्हा चढला.

पात्राचे जीवनगुण शून्यावर आल्यावरचे, जगणार की मरणार हे ठरवणारे फासे आमच्या घरी सगळ्यात शांततेत पडतात. 10 किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. ज्याचे तीन आधी होतील ते खरं. भाचीचा चोर दोन अपयशांवर होता, तेव्हा तिला थेट वीस पडला. वीस पडला की एका जीवनगुणासह पात्र उठून बसतं. भाचा खुर्चीवर उभा राहून ओरडला, शेजारचे दार वाजवून गेले.

उणीव एकच, पण मोठी: स्वतःचं पात्र कसं बनवायचं हे या डब्यात नाही. त्यासाठी इंटरनेटवर मोफत मिळणारे बेसिक रूल्स उतरवून घ्या. आणि फाशांचा आणखी एक संच पहिल्याच दिवशी घ्या, पाच जणांत सहा फासे पुरत नाहीत.

भाचीने तिची बुटकी योद्धी कागदावर तयार केली आहे. गुणांक मी तपासले, सगळे बरोबर आहेत. शनिवारी ती येते आहे.