परमिटच्या झेरॉक्सवरचा काळा पट्टा

दुसऱ्याची टॅक्सी रोजाने चालवत मी बारा वर्षं काढली. दिवसाचं ठरलेलं मालकाच्या हातावर ठेवायचं, उरेल त्यात घर चालवायचं. स्वतःचं परमिट मिळावं म्हणून मी किती तळमळत होतो, ते एका एजंटाने बरोबर हेरलं.

"नवीन परमिटं बंद आहेत, दादा. जुनी आहेत तीच हातोहात फिरतात. आज घ्या, चार वर्षांनी दुप्पट."

नवीन परमिटं खरंच बंद होती, म्हणून दुपटीवरही माझा विश्वास बसला. सरकारने टॅक्सींची संख्या बांधली की परवान्याला बाजारभाव येतो, पण तो भाव निव्वळ टंचाईचा असतो. न्यूयॉर्कमध्ये १९३७ च्या कायद्याने संख्येवर मर्यादा आली आणि २०१४ च्या सुमारास एका परवान्याला १० लाख डॉलरहून जास्त मोजले जात होते. ॲपवरच्या गाड्या आल्या, आणि काही वर्षांत तोच परवाना २ लाखांच्या आसपास आला. कर्ज काढून परवाने घेतलेले चालक पार बुडाले. आयर्लंडमध्ये तर २००० साली न्यायालयाच्या निकालानंतर संख्येची मर्यादाच उठली. हे सगळं मी फसल्यावर वाचलं.

माझ्या हाती तर परमिटही आलं नाही. एजंटाने परमिटच्या मूळ मालकाचं मुखत्यारपत्र आणि नोटरी केलेला करारनामा दिला. वर परमिटची लॅमिनेट केलेली झेरॉक्स. तिच्यात मुदतीच्या तारखेवर नेमका काळा पट्टा आला होता. मला वाटलं, मशीन खराब असेल. मूळ कागद मागितला तर म्हणाला, "नाव बदलायची फाइल आत आहे, मूळ तिथेच जमा आहे." पाच महिने तो हेच सांगत राहिला, आणि दर खेपेला फाइल पुढे सरकवायला म्हणून थोडे पैसे नेत राहिला.

शेवटी मी एकटाच परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी नंबर टाकला, दोनदा तपासला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "काका, याची मुदत तुमच्या कराराच्या चार महिने आधीच संपलीय. नाव बदलण्याचा अर्ज तर आलेलाच नाही." मला धड उभंही राहवेना.

त्या बाईंनीच मग नीट समजावलं. परमिट म्हणजे त्या माणसाला दिलेली परवानगी. कार्यालयाच्या मंजुरीशिवाय ते दुसऱ्याचं होत नाही. मुखत्यारपत्राने फार तर त्याच्या वतीने कागद हलवता येतात, आणि तो माणूस वारला की सहसा तेही संपतं. मुदत संपलेल्या त्या परमिटवर मी पाच महिने प्रवासी नेले. अपघात झाला असता तर विम्याचं काय झालं असतं, या विचाराने अजून झोप उडते.

तक्रार दिली आहे. पण पोलिसांनी पावत्या मागितल्या तेव्हा पाहिलं, प्रत्येक पावतीवर "सल्ला शुल्क" लिहिलंय. परमिट हा शब्द कुठेच नाही. तुम्ही असे हप्ते भरत असाल तर आजच पावती काढून वाचा. पुढचा हप्ता थांबवा, परमिटचा नंबर घेऊन स्वतः खिडकीवर जा, आणि तीनच गोष्टी विचारा: नाव कुणाचं, मुदत कधीपर्यंत, बदलाचा अर्ज दाखल आहे का. एजंट "मी विचारून येतो" म्हणाला तरी त्याला पाठवू नका.