आघातानंतर शरीरापासून सुरुवात: ईएमडीआर, सोमॅटिक थेरपी की योग?

अपघाताला दोन वर्षं झाली, तरी मागून ट्रकचा हॉर्न वाजला की माझ्या बहिणीचे खांदे वर चढायचे आणि पोटात गोळा यायचा. "बोल म्हणजे मोकळी होशील," असं सगळे सांगत. पण बोलायला गेलं की तिचा आवाजच फुटत नसे. अशा माणसांना शरीरापासून सुरुवात करणाऱ्या पद्धती जवळच्या वाटतात. निवडताना मात्र त्यांच्यातला फरक नीट कळायला हवा.

पुराव्यात ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी थेरपी, सगळ्यांच्या पुढे. ती मांडणाऱ्या फ्रान्सिन शापिरो यांचा पहिला अभ्यास १९८९चा. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या तणावाच्या विकारासाठी, तिची शिफारस केली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. घडलेलं सगळं तोंडानं सांगावं लागत नाही, पण आठवणीला भिडावं लागतंच.

तेवढी तयारी नसेल, तर पीटर लिव्हाइन यांची सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग सौम्य आहे. "हे सांगताना छातीत काय होतंय?" असं विचारत, ताण वाढला की लक्ष पायाखालच्या फरशीवर आणत, थोडंथोडं पुढे जातात. २०१७च्या ६३ जणांवरच्या चाचणीत फायदा दिसला, तरी एकूण पुरावा अजून कमीच. अंगाला मुद्दाम थरथर आणणाऱ्या टीआरई या व्यायामपद्धतीचा पुरावा तर त्याहून तोकडा. व्हिडिओ बघून घरी एकट्यानं ती करू नये.

योगाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे तोच आधी सुचवतात. अमेरिकेतल्या २०१४च्या अभ्यासात ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग, तोही उपचारांना जोड म्हणून. शेवटी योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटात २९ पैकी ६. पण तो गल्लीतल्या क्लाससारखा योग नव्हता. बहिणीच्या क्लासमध्ये पश्चिमोत्तानासनात शिक्षकांनी न विचारता तिची पाठ दाबली. ती तशीच उठून बाहेर आली, पुन्हा गेली नाही. आघातग्रस्तांसाठीच्या योगात शिक्षक असा हात लावत नाहीत. "हवं तर हात वर घ्या, नको तर राहू द्या," एवढंच म्हणतात.

एकाच घटनेचा आघात असेल, तर मी आधी ईएमडीआर शिकलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधेन. लहानपणापासूनचा त्रास असेल, शरीरच परकं वाटत असेल, तर समुपदेशन चालू ठेवून असा योग. जीव द्यावासा वाटत असेल, तर निवड नंतर. आधी १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन.

आणि पहिल्याच भेटीत विचारा: "मी मधेच थांबा म्हटलं, तर थांबाल ना?" उत्तर द्यायला समोरचा कचरला, तर दुसरीकडे जा.