पॅकेट ट्रेसर सहा महिने वापरून: सीसीएनएला किती पुरतो, कुठे दगा देतो

सीसीएनए २००-३०१ या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या तयारीसाठी पॅकेट ट्रेसर हा संगणकावरच नेटवर्क उभारून बघायचा प्रोग्रॅम सगळ्यांचाच पहिला मुक्काम असतो. तो फुकट आहे, सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीच्या खात्यावरून उतरवून घेता येतो आणि साध्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतो. सहा महिने रोज तास-दीड तास वापरल्यावर मत असं झालं आहे की हे साधन उत्तम आहे, पण तयार लॅब ‘सोडवत’ बसणाऱ्याला त्यातून फारसं हाती लागत नाही. ज्याला चालू लॅब मुद्दाम मोडून बघायची सवय लागते, त्याच्यासाठी मात्र त्याला तोड नाही.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात असावी. हा सिम्युलेटर आहे. आत खरं आयओएस (सिस्कोच्या राउटर-स्विचची ऑपरेटिंग सिस्टीम) चालत नाही, त्याच्या कमांड्सची नक्कल चालते. त्यामुळे खऱ्या उपकरणावर बरोबर असलेली कमांडही इथे कधीकधी ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणून परत येते, आणि नवखा माणूस स्वतःचं काय चुकलं ते शोधत बसतो.

रोजच्या सरावाला एकच टोपोलॉजी (जोडणीचा आराखडा) पुरते: २९११ मॉडेलचे ३ राउटर त्रिकोणात, २९६० चे २ स्विच, एक ३५६० स्विच, ४ पीसी आणि एक सर्व्हर. २९११ ला ३ गिगाबिट पोर्ट असतात, म्हणजे दोन शेजाऱ्यांना जोडून तिसरा लॅनला उरतो आणि वेगळं मॉड्यूल लावावं लागत नाही. सीरियल लिंक हवीच असेल तर एचडब्ल्यूआयसी-२टी हे कार्ड बसवण्याआधी राउटरचा पॉवर बंद करावा लागतो. सेव्ह न करता पॉवर बंद केला, की तासाभराचं कॉन्फिगरेशन गेलंच. आणखी एक किरकोळ पण रोज वेळ वाचवणारी ओळ: प्रत्येक उपकरणावर पहिल्यांदा ‘नो आयपी डोमेन-लुकअप’. नाहीतर कमांडचं स्पेलिंग चुकलं की राउटर त्या शब्दाला होस्टचं नाव समजून डीएनएस शोधत बसतो आणि आपण कंट्रोल-शिफ्ट-६ दाबत बसतो.

सुरुवातीला बहुतेकांना वाटतं की सॉफ्टवेअरच बिघडलंय. स्विच जोडला तरी लिंकचा दिवा केशरीच, पीसीला डीएचसीपीकडून (आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) मिळणाऱ्या पत्त्याऐवजी स्वतःच घेतलेला १६९.२५४ चा पत्ता, पहिला पिंग फेल. यात बिघाड कसलाच नाही. पोर्ट लिसनिंगमध्ये १५ आणि लर्निंगमध्ये १५ असे ३० सेकंद एसटीपी (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) खातो, तेवढ्यात पीसीचा डीएचसीपीचा प्रयत्न संपतो. पीसीच्या पोर्टवर ही वाट बघणं टाळणारा पोर्टफास्ट लावला की प्रश्न मिटतो. घाईच असेल तर फास्ट फॉरवर्डचं बटण आहे. पहिला पिंग बहुधा एआरपीचं (आयपीवरून मॅक पत्ता विचारणारा प्रोटोकॉल) उत्तर यायच्या आत वाया जातो. सिम्युलेशन मोडमध्ये फिल्टर लावून फक्त एआरपी आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) ठेवलं, तर हे डोळ्यांदेखत दिसतं. फिल्टर न लावता तो मोड उघडू नये, सीडीपी (शेजारच्या सिस्को उपकरणांना ओळख देणारा प्रोटोकॉल) आणि एसटीपीच्या गर्दीत आपलं पॅकेट सापडत नाही.

व्हीलॅनचा (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करण्याचा) भाग इथे फार छान घोटून होतो. ३५६० वर ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ (अनेक व्हीलॅन वाहणारी लिंक) दिलं की तो नकार देतो, कारण आधी ‘स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू’ सांगावं लागतं. २९६० ला ती कमांडच नाही. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ लिहिताना ‘ॲड’ राहिलं, तर जुनी सगळी यादी पुसली जाऊन एकटा ३० उरतो. ही चूक सरावातच दोन-चारदा करून घ्यावी. राउटर-ऑन-अ-स्टिकमध्ये (राउटरच्या एकाच पोर्टवरून अनेक व्हीलॅन जोडताना) सबइंटरफेसवर आयपीच्या आधी एन्कॅप्सुलेशन द्यावं लागतं, आणि मूळ इंटरफेसचं ‘नो शटडाऊन’ हमखास विसरतं. ईथरचॅनलमध्ये (अनेक लिंकची मिळून एक लिंक करताना) दोन्ही टोकं पॅसिव्ह ठेवली तर एलएसीपी हा ती जोडणी ठरवणारा प्रोटोकॉल कधीच जुळत नाही, एक तरी ॲक्टिव्ह लागतं. ‘शो ईथरचॅनल समरी’मध्ये एसयू आणि पोर्टपुढे पी दिसल्याशिवाय पुढे सरकू नये.

खरी कमाई ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये आहे. परीक्षेत तो ज्यात येतो त्या आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के वजन आहे, सगळ्या विभागांत जास्त. त्रिकोणाची लॅब आधी पूर्ण चालवायची, फाइलची एक प्रत ठेवायची, मग रोज एकेक बिघाड घालायचा: एका बाजूचा हॅलो टायमर १० वरून १५ सेकंद, एरिया वेगळा, एका टोकाला मास्क /३० तर दुसऱ्याला /२९, लिंकवर पॅसिव्ह इंटरफेस, दोन राउटरना सारखाच राउटर-आयडी. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये शेजारी गायब, एवढंच कळतं. कारण कळतं ते ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’मध्ये. तिथे टायमर दिसतात, एरिया दिसतो, पॅसिव्ह असेल तर हॅलो जात नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि तो इंटरफेस त्या यादीतच नसेल, तर नेटवर्क कमांडमधला वाइल्डकार्ड मास्क चुकलाय असं समजून तिकडेच जायचं. राउटर-आयडी बदलला तरी ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ दिल्याशिवाय जुनाच चालू राहतो. डीआरच्या (एका लिंकवरच्या राउटरांमधला मुख्य राउटर) निवडणुकीचंही तसंच आहे: प्रायॉरिटी वाढवली म्हणून बसलेला डीआर खुर्ची सोडत नाही. फास्ट ईथरनेट आणि गिगाबिट दोन्हींची कॉस्ट (ओएसपीएफने मोजलेली वाटेची किंमत) १ का दिसते, हाही प्रश्न इथे पडतोच. मूळ रेफरन्स बँडविड्थ १०० एमबीपीएस आहे, ती सगळ्या राउटरवर सारखी वाढवावी लागते.

मात्र एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) वेगळा असल्याने एक्सस्टार्ट या ओएसपीएफच्या अर्धवट अवस्थेत अडकणं, किंवा नेटवर्क टाइप न जुळल्याने शेजारी फुल दिसूनही रूट न येणं, हे खऱ्या आयओएस इमेजवरच पाहावं. त्यासाठी सिस्को मॉडेलिंग लॅब्सची फुकट आवृत्ती आहे. तिला ५ नोडची मर्यादा आहे, पण अशा बिघाडांना दोन राउटर पुरेसे होतात. मशीनवर व्हर्च्युअलायझेशन आणि बऱ्यापैकी रॅम लागते, म्हणून सुरुवातीपासून तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात ठीक.

सिक्युरिटीत एसएसएच (दूरून सुरक्षित लॉगिन) आणि डीएचसीपी स्नूपिंग (खोटे डीएचसीपी सर्व्हर अडवणं) या दोन ठिकाणी सगळे घसरतात. एसएसएचला होस्टनेम, डोमेन-नेम, आरएसए की, युजरनेम, व्हीटीवाय लाइनवर (दूरून आत येण्याची वाट) ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ एवढं सगळं लागतं. की ५१२ बिटची ठेवली तर व्हर्जन २ चालत नाही, सरळ २०४८ द्यावी. हे सगळं करूनही ‘इनेबल सीक्रेट’ राहिलं, तर आत शिरता येतं पण ‘नो पासवर्ड सेट’ म्हणून प्रिव्हिलेज मोडच्या दारात अडतं. स्नूपिंगमध्ये ग्लोबल कमांड आणि व्हीलॅनची कमांड दोन्ही हव्यात, सर्व्हरकडचा पोर्ट ट्रस्टेड हवा, आणि डीएचसीपी देणारा आयओएस राउटर असेल तर ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन’ही. स्विच मागणीत ऑप्शन ८२ (ती कुठल्या पोर्टवरून आली याची माहिती) घालतो आणि रिले पत्ता शून्य असलेली अशी मागणी राउटर टाकून देतो. सगळं बरोबर असून पत्ता न मिळण्याचं कारण बहुधा हेच.

एनएटी (पत्ते बदलणं), एसीएल (रहदारी गाळणं), एनटीपी (घड्याळ जुळवणं), सिसलॉग (नोंदी) यांचा सराव इथे पुरेसा होतो. आयपीव्ही६ मध्ये ‘आयपीव्ही६ युनिकास्ट-राउटिंग’ तेवढं विसरू नये. वायरलेस कंट्रोलरची पानं पाहून ठेवायला बरी.

परीक्षेतल्या ऑटोमेशनच्या १० टक्क्यांत मात्र पॅकेट ट्रेसरची मदत जेमतेम. जेसन (डेटा लिहायची पद्धत) वाचणं, रेस्टची (वेब एपीआयची) क्रियापदं, अँसिबल आणि टेराफॉर्म या ऑटोमेशनच्या साधनांमधला फरक यांसाठी वही-पेनच बरं. परीक्षेच्या १.१ आवृत्तीत पपेट आणि शेफ गेले आणि टेराफॉर्म आलं, तेव्हा जुन्या टिपणांवर विसंबू नये.

सबनेटिंगलाही (नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याचा हिशोब) हे साधन उपयोगी नाही, उलट घात करतं, कारण चुकीचा मास्क टाकूनही कधीकधी पिंग लागतो. ते रोज कागदावर व्हायला हवं. १७२.१६.३७.२००/२१ समोर आला की तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ८ चे गट, म्हणून नेटवर्क ३२.०, ब्रॉडकास्ट ३९.२५५, होस्ट २०४६. एवढं अर्ध्या मिनिटात सुचलं पाहिजे. परीक्षा १२० मिनिटांची आहे आणि पुढे गेलेल्या प्रश्नावर मागे येता येत नाही. लॅबचे प्रश्न वेळ खातात, त्यासाठीची मिनिटं सबनेटिंगमधूनच वाचवायची असतात. म्हणून शेवटच्या महिन्यात तीच त्रिकोणाची लॅब कोऱ्या राउटरपासून, टिपणं न बघता, घड्याळ लावून उभी करावी: पत्ते, ट्रंक, ओएसपीएफ, एनएटी, एसएसएच आणि शेवटी ‘कॉपी रन स्टार्ट’. पहिल्या खेपेला दीड तास लागला तरी घाबरू नये. ४० मिनिटांच्या आत आली, की मगच परीक्षेची तारीख घ्यावी.