इंजिनवालं वेल्डिंग मशीन: काही महिने वापरल्यावर, आणि जास्त करून ते बसवण्याबद्दल

डिझेलवालं घेतलंय, लाईट नसलेल्या साईटवर चालतं, आता बरेच महिने झालेत म्हणून लिहितोय. आर्क एकदम स्टेडी, 3.15 एमएमचा 7018 रॉड (वेल्डिंगच्या रॉडचा एक प्रकार) 120 अँपिअरच्या आसपास मस्त जातो, डिझेल बेताचं खातं, आवाज आहे पण तो असणारच. मशीनबद्दल एवढंच. घेताना सगळे अँपिअर आणि ड्युटी सायकल (न थांबता किती वेळ वेल्डिंग करता येतं) विचारतात, ते ठेवायचं कुठे आणि जोडायचं कसं हे कोणी विचारत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी धूर. शेडमध्ये, बेसमेंटमध्ये, अर्धं शटर उघडं ठेवून, कुठेच आत चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, डोकं दुखायला लागेपर्यंत तो रक्तात गेलेला असतो. मशीन बाहेर ठेवा आणि केबल आत न्या. सायलेन्सरचं तोंड खिडकीकडे किंवा काम करणाऱ्याकडे नको, वारा फिरला की परत बघा. चारी बाजूंनी हवेला जागा सोडा, पाऊस आला म्हणून चालू मशीनवर ताडपत्री टाकणारे लोक मी बघितलेत, काय बोलणार.

माझं मशीन पिकअपच्या हौद्यात बोल्टने बसवलंय. हौद्यात रबर मॅट आणि जाड कोटिंग, खाली टायर, म्हणजे मशीनची बॉडी आणि जमीन यांचा काही संबंधच नाही, आणि मॅटमुळे मशीन गाडीपासूनही तुटलेलं. म्हणून मशीनच्या अर्थिंगच्या बोल्टवरून गाडीच्या चासीपर्यंत 10 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकून घेतली, चासीवर जिथे लग (वायरच्या टोकाला बसवलेला भोकाचा तुकडा) बसतो तिथला पेंट घासून पत्रा चकचकीत केला. पेंटवर लग कितीही आवळा, तो नावालाच जोडलेला असतो. आणि हे अर्थिंग वेगळं, रॉड धरायच्या होल्डरच्या जोडीचा अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणाऱ्या केबलचा चिमटा) वेगळा. एक लावलं म्हणजे दुसरं झालं असं नाही. क्लॅम्प जॉबवरच, म्हणजे ज्याला वेल्ड करतोय त्यावरच, वेल्डच्या जितका जवळ जमेल तितका. लांब कुठेतरी लावला की करंट जी वाट मिळेल तिने परत येतो, मग बेअरिंग, चेन ब्लॉक, वायर रोप, जे मध्ये येईल ते भाजून निघतं.

आता टर्मिनल, म्हणजे मशीनवर वेल्डिंग केबल जोडायची जागा. मशीन आल्यावर ज्याने जोडणी करून दिली त्याने लग आणि स्टडच्या (टर्मिनलच्या बोल्टच्या) बैठकीच्या मध्ये स्टीलचा वॉशर घातला होता. थोडे दिवस काही कळलं नाही, मग दुपारनंतर आर्क मरायला लागला, जवळ गेलो तर जळक्या प्लॅस्टिकचा वास, लगच्या बुडाशी केबलचं रबर तपकिरी होऊन कडक झालेलं. नियम साधा आहे, तांब्याचा लग थेट बैठकीवर, वॉशर असलाच तर त्याच्या वर, नटच्या खाली. नवीन लग केबलवर क्रिम्प करून (दाबून घट्ट) घेतला, तेव्हापासून इंजिन बंद करून थोड्या थोड्या दिवसांनी पाना लावून बघतो, कारण गाडीत हादरे बसतात आणि नट ढिले होतात.

केबलच्या जाडीवर लोक पैसे वाचवतात, तर हा हिशोब बघा. 35 स्क्वेअर एमएम तांबं मीटरला साधारण अर्धा मिलिओहम. जाताना 30 मीटर, येताना 30 मीटर, म्हणजे एकूण 60 (परतीची केबल मोजायला सगळे विसरतात). 150 अँपिअरला साडेचार व्होल्ट वाटेतच गेले, आर्कलाच पंचवीसेक व्होल्ट लागतात. 70 स्क्वेअर एमएम घेतली की हे नुकसान निम्मं. आणि गुंडाळलेली केबल तशीच ठेवून काम करू नका, पूर्ण सोडा, वेटोळ्यात ती तापते.

ग्राइंडर, ड्रिलसाठी मशीनवर सॉकेट आहेत. इथे एक गोष्ट बऱ्याच इलेक्ट्रिशियनांनाही सांगावी लागते. आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरची लावली, टेस्ट बटण दाबलं, पडली, खूश. पण जनरेटरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसेल तर पहिल्या फॉल्टला लीकेजला परतीची वाटच नसते, त्यामुळे ती पडत नाही. टेस्ट बटण मात्र तरीही पाडतं, कारण त्याचं सर्किट फेज-न्यूट्रलमध्येच आहे. तेव्हा मॅन्युअलमध्ये न्यूट्रल कसा आहे ते बघा, आणि बदलायचा असेल तर जाणकार माणसाकडूनच.

घराचं किंवा शेडचं वायरिंग यावर चालवायचं असेल तर चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाईन किंवा मशीन यातलं एकच जोडणारा) नाही म्हणजे नाहीच. दोन्हीकडे पिना असलेली वायर बनवून सॉकेटमध्ये घुसवली की लाईट उलटी लाईनवर जाते, ट्रान्सफॉर्मर तीच हजारो व्होल्टची करतो आणि खांबावरचा लाईनमन समजतो की लाईन बंद आहे.

बाकी किरकोळ. वेल्डिंग चालू असताना सॉकेटची पॉवर कमी मिळते, दोन्ही एकाच इंजिनातून येतं ना, म्हणून मोठा ग्राइंडर आणि मोठा रॉड एकदम नको. ऑटो आयडलवर (लोड नसला की इंजिन आपोआप हळू करणारी सोय) चार्जरसारखा बारीक लोड कधी कधी त्याला कळतच नाही, इंजिन कमी स्पीडवरच राहतं, अशा वेळी स्विच हाय स्पीडला टाकतो. नुसतं आयडलवर तासन्‌तास ठेवू नका, न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून काळं तेलकट होऊन गळायला लागतं. डिझेल भरताना इंजिन बंद आणि गार, टाकी काठोकाठ नाही. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

तक्रार एकच, टर्मिनलवरचं झाकण पातळ आहे आणि त्याची बिजागरी तुटली. तिथे रॉडचा तुकडा आडवा पडला तर शॉर्ट होणार, म्हणून सध्या जाड रबराची पट्टी कापून लावलीये. झाकणाचा सुटा पार्ट मागवलाय, अजून आलेला नाही.