शुगर वाढलेली असताना: शाळूची भाकरी की भात?

माण-खटावकडं शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, पाटण-जावळीकडं भात. डायबेटिस निघाला की साताऱ्यात पहिला सल्ला ठरलेला: भात सोडा! खरं तर पिष्ट दोन्हीत भरपूर. भाकरी म्हणजे काही औषध नव्हे. फरक तंतूंचा, म्हणजे फायबरचा. १०० ग्रॅम ज्वारीत ते साधारण १० ग्रॅम, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. शिवाय भाकरी चावून खावी लागते, मोजताही येते. आमटी झणझणीत असली की भात दुसऱ्यांदा कधी वाढून घेतला, कळत नाही. मऊ, चिकट भात तर साखर लवकर चढवतो. गार झालेला किंचित बरा, त्यातलं थोडं पिष्ट पचायला जड होतं. माझं मत भाकरीला. पण एकच भाकरी, सोबत निम्मं ताट मेथी. इन्सुलिन चालू असेल तर भात एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, शुगर फार खालीही जाते.