दांडिया बाजारातला इंग्रजी व्याकरणाचा वर्ग

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर संध्याकाळी भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात मी नुकतेच इंग्रजी व्याकरण शिकलो. नाम, सर्वनाम, क्रियापद हे सारे शाळेत पाठ केलेले असले, तरी वाक्यात त्यांचे काम काय, हे इथे प्रथमच उमगले.

पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर ‘मांजर उंदराला पकडते’ असे लिहिले आणि शब्दांची अदलाबदल करून ‘उंदराला मांजर पकडते’ असे केले. अर्थ तसाच राहिला, कारण ‘ला’ हा प्रत्यय कर्म कुठेही गेले तरी त्याला चिकटून राहतो. मग ‘द कॅट कॅचेस द रॅट’ या वाक्यातील कॅट आणि रॅट यांच्या जागा बदलताच उंदीरच मांजरीला पकडू लागला. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रमच प्रत्ययाचे काम करतो, हे त्या एका उदाहरणाने पटले. ‘व्हेअर डिड यू वेन्ट’ ही माझी जुनी चूकही तिथेच सुटली: भूतकाळ ‘डिड’ने आधीच घेतलेला असल्यामुळे पुढे ‘गो’ हे मूळ रूपच येते.

तक्रार एकच, पण लहान नाही. मराठीत नसल्यामुळे आपल्याला सर्वांत अवघड जाणारी ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदे शेवटच्या अर्ध्या तासात उरकण्यात आली. छापील टिपणेही इतकी पुसट होती, की मला ती घरी पुन्हा लिहून काढावी लागली.