गच्चीवर पवनचक्की की सोलर? कोल्हापूरच्या घरासाठी

राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत १ किलोवॅटचं सोलर बिनधास्त बसवा. सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा पुरते. स्वच्छ उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात ती बरीच घटते. गळीत हंगामात साखर कारखान्याजवळ पॅनलवर काजळी बसते, म्हणून पहाटे, काच थंड असताना, मऊ कापडाने धुवा.

पवनचक्कीचं गणित वाऱ्याच्या वेगाच्या घनावर चालतं. वेग निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश! ‘१ किलोवॅट’ हा आकडा बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो, ५.५ मीटरला जेमतेम सव्वाशे वॅट. शिवाय शेजारच्या इमारतींमुळे वारा भोवऱ्यासारखा फिरतो, बेअरिंग लवकर झिजतात, पात्यांच्या मुळाशी तडे जातात. स्लॅबला थरथर बसते ती वेगळीच, त्यामुळे गच्चीवर नकोच.

पन्हाळ्याच्या बाजूला उघड्या माळावर शेतघर असेल तर विचार जरूर करा. आषाढात ऊन नसतं तेव्हाच वारा जोरात असतो, रात्रीही. मात्र स्वतंत्र मनोरा हवा: पाती १०० मीटरच्या आतल्या झाडाघरांपेक्षा किमान १० मीटर उंच. आधी वर्षभर वारा मोजा.